ट्रिगरमधलं 'व्हेन अदर्स' ठेवायचं की हाकलायचं?

रात्रपाळी : पोस्टग्रेस डेटाबेसवर दूध संकलनाचं टेबल. आधीच्या माणसाने त्यावर बिफोर इन्सर्ट ट्रिगर (नोंद टेबलात जाण्याआधी आपोआप चालणारं फंक्शन) लिहिलेला, शेवटी 'एक्सेप्शन व्हेन अदर्स देन रिटर्न नल', म्हणजे जवळपास कुठलीही एरर आली तरी ती गिळायची आणि नल, म्हणजे 'काहीच नाही', परत करायचं. फॅटमशीन बंद असलं की फॅट रिकामी यायची, ट्रिगर जिथे नोंदीचा माग लिहायचा ते ऑडिट टेबल रिकामी फॅट घेत नाही, ट्रिगर नल परत करायचा आणि मूळ नोंदच गायब! एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. फक्त 'इन्सर्ट 0 0', म्हणजे शून्य ओळी गेल्या, आणि ॲप ते बघत नव्हतं. दोन रात्री गेल्या शोधण्यात. माझ्या मते ट्रिगरमध्ये व्हेन अदर्सला बंदीच हवी.

कांदेपोहे : बंदी कसली? सकाळी सहाला केंद्रावर रांग असते. ऑडिट अडलं म्हणून शेतकऱ्याला कॅन घेऊन परत पाठवणार का? घोळ रिटर्न नलचा आहे. रिटर्न न्यू लिहा, म्हणजे नवी नोंद पुढे जाईल, आणि एसक्यूएलस्टेट (एररचा कोड), एसक्यूएलएररएम (एररचा मजकूर) घालून रेज वॉर्निंग करा, म्हणजे इशारा द्या. त्याहून सौम्य नोटिस नको, डीफॉल्ट सेटिंगला ती सर्व्हर लॉगमध्ये उतरतच नाही.

रात्रपाळी : ते लॉग वाचतं कोण? आमच्याकडे डिस्क भरली की उघडतात.

खवट डीबीए : खर्चाचं कोणीच बोलत नाही. एक्सेप्शनवाला ब्लॉक म्हणजे दर ओळीला एक सबट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शनच्या आत वेगळं मागे फिरवता येणारं छोटं ट्रान्झॅक्शन). महिन्याची फाइल एकदम चढवलीत आणि एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिणारी सबट्रान्झॅक्शन 64 च्या वर गेली, की त्यांची यादी ठेवणारी कॅश ओसंडते आणि बाकीची सेशनही रेंगाळू शकतात. शिवाय एरर पकडली की त्या ब्लॉकने तोवर टेबलांत केलेलं सगळं मागे फिरतं, फक्त फसलेली इन्सर्ट नाही. आणि कृपा करून एरर टेबलात लिहून तीच पुढे रेज करू (वर फेकू) नका. ट्रान्झॅक्शनबरोबर ती नोंदही जाते. ओरॅकल डेटाबेससारखं ऑटोनॉमस (मूळ ट्रान्झॅक्शन फसलं तरी टिकणारं स्वतंत्र) ट्रान्झॅक्शन इथे नाही.

कांदेपोहे : फाइल चढवण्याचं मान्य. पण केंद्रावर एकेक नोंद येते, तिथे हा खर्च कोणाला जाणवतो? आणि शोधायचंच असेल तर पकडलेल्या एररची माहिती देणाऱ्या 'गेट स्टॅक्ड डायग्नोस्टिक्स' कमांडमधून पीजी_एक्सेप्शन_कॉन्टेक्स्ट काढा, फंक्शनची ओळ सापडते. दोन रात्री लागल्या नसत्या.

रात्रपाळी : ते आधीच्या माणसाला सांगा! बरं, तडजोड. ब्लॉक फक्त ऑडिटच्या इन्सर्टभोवती, पकडायचा फक्त एरर कोड 23502, म्हणजे नॉट नल (रिकामं चालत नाही तिथे रिकामं आलं). बाकी काही आलं तर फुटू दे तिथल्या तिथे.

कांदेपोहे : फुटू दे. पण सहा वाजता केंद्रावरून फोन येईल, तेव्हा नंबर तुमचाच देणार.