शिवेवरचा कण्हणारा दगड

प्रश्न: भडगावकडच्या आमच्या गावाच्या शिवेवर कमरेएवढा काळा दगड आहे. वैशाखात दिवस मावळला की तो कण्हतो, त्यात मुंजा राहतो, असे सांगून आजी आम्हांला तिथून हाताला धरून ओढत नेत असे. शेंदराच्या पुटांखाली काही माणसे कोरलेली दिसतात. हा काय प्रकार असावा?

उत्तर: ताई, शेंदूर न खरवडता सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. खाली लढाई किंवा गाई, मधे अप्सरांसोबत स्वर्गाला निघालेला वीर, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य असे कप्पे दिसले, तर तो वीरगळ, म्हणजे गावासाठी किंवा गोधनासाठी लढताना पडलेल्या माणसाचे स्मारक समजावे. मुंजा तर पिंपळावर राहतो; तो दगडात कसा शिरला, हेच कोडे आहे!

उत्तर: आवाजाविषयी थोडे. खानदेशातला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. ४५ अंशांच्या उन्हात तापलेला दगड संध्याकाळी वरून लवकर आणि आतून उशिरा निवतो, त्या ताणाने भेगेतून ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो. कण्हणे मात्र मला पटत नाही. आसपास घुबड आहे का, ते आधी पाहावे.

प्रश्नकर्ती: पिंपळ दगडाला लागूनच होता. तो वठून पडला, तेव्हा मी पाचवीत होते.