जेलवर पट्टी ठळक, पण २८० ला रीडिंगच नाही. सात नंबर सोडून देऊ का?

चौथा_हेलिक्स

उन्हाळी संशोधनाचे दहा आठवडे आहेत, त्यातला सातवा चालू आहे. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. याआधी पिपेट हातात धरलं ते फक्त प्रॅक्टिकलपुरतं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तरी सांभाळून घ्या.

चार हेलिक्सचं (मळसूत्रासारख्या वळ्यांचं) एक बंडल, म्हणजे एक छोटं प्रोटीन, पूर्ण नव्यानं रचायचं, असं काम आहे. सांगाडा आरएफडिफ्यूजन या एआय प्रोग्रॅमनं काढला, त्यावर बसतील असे सिक्वेन्स (अमिनो आम्लांचे क्रम) प्रोटीनएमपीएनएन या दुसऱ्या प्रोग्रॅमकडून घेतले, मग ते घडीचा अंदाज करणाऱ्या अल्फाफोल्डला देऊन तीच घडी परत येते का ते तपासलं. त्यातून आठ निवडले, आठांचाही पीएलडीडीटी (अल्फाफोल्डचा शंभरपैकी खात्रीचा आकडा) ९० च्या वर. पहिले तीन आठवडे यात गेले आणि खरं सांगते, पाय जमिनीवर नव्हते. स्क्रीनवर ते निळे हेलिक्स एकमेकांत इतके चपखल बसलेले असायचे की प्रयोग म्हणजे आता नुसता उपचार राहिला असं वाटत होतं.

मग जीन्स आले. ई. कोलायमध्ये घातले, ३७ अंशांवर, प्रोटीन बनवायला लावणारं आयपीटीजी दिलं. पाच प्रोटीनं सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी पेशी फोडल्यावर) गाळात गेली. एक बनलंच नाही. दोन विरघळली. त्यातलं सात नंबरचं निकेल कॉलमवरून शुद्ध करून उतरवलं तर जेलवर १३ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) जवळ एकच जाड, स्वच्छ पट्टी. जेलचा ट्रे तसाच उचलून मॅडमना दाखवायला पळाले होते.

पण किती प्रकाश शोषला जातो ते बघायला तेच सँपल २८० नॅनोमीटरला लावलं आणि इमिडाझोलवाल्या (कॉलमवरून प्रोटीन सोडवणाऱ्या) बफरनं ब्लँक, म्हणजे शून्याची पातळी, घेतला, तर रीडिंग ०.०२. तीनदा लावलं, तेच. मॅडम चार दिवस परिषदेला गेल्यात. बरोबरचा मुलगा म्हणतो पट्टी अशुद्धीची असेल, दुसऱ्या विरघळलेल्याकडे वळ. काय करू?

मंजूषा_प्रथिने

काही टाकू नकोस! आधी सात नंबरचा सिक्वेन्स उघड आणि त्यात डब्ल्यू (ट्रिप्टोफॅन) आणि वाय (टायरोसिन) किती आहेत ते मोज.

२८० ला प्रोटीन दिसतं ते जवळजवळ सगळं ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिनमुळे. एका ट्रिप्टोफॅनचा शोषणाचा गुणांक साधारण ५५००, टायरोसिनचा १४९०. हे दोन्ही नसतील तर नळीत कितीही प्रोटीन असो, त्या तरंगलांबीला ते पाण्यासारखं पारदर्शक. निसर्गातल्या बहुतेक प्रोटीनांत दोन-चार तरी असतातच, म्हणून पुस्तकात ‘२८० ला मोजा’ एवढंच लिहिलेलं असतं. पण प्रोटीनएमपीएनएनला हेलिक्सचं बंडल दिलं की ते ग्लुटामेट, लायसिन, अ‍ॅलनिन, ल्युसिन यांनीच भरून टाकतं. घडी टिकावी एवढंच ते बघतं, पुढे कुणाला मोजायचंय याची त्याला काय कल्पना! आणि नेहमीच्या व्हेक्टरमधल्या हिस-टॅगच्या (निकेलला चिकटणाऱ्या शेपटीच्या) तुकड्यातही बऱ्याचदा डब्ल्यू-वाय नसतात.

जेलचा रंग वेगळ्या गोष्टीला चिकटतो, मुख्यतः आर्जिनिन-लायसिनला, म्हणून तिथे तुझी पट्टी ठळक. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, त्यांचं भांडण नाही.

आता मोजायचं कसं? आधी डायलिसिस करून (पडद्याच्या पिशवीतून बफर बदलून) इमिडाझोल घालव, कारण पुढच्या सगळ्यात ते लुडबुड करतं. मग २०५ ला मोज, तिथे पेप्टाइड बंधच प्रकाश शोषतात. किंवा बीसीए, ही रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी, कर. त्यात ट्रिप्टोफॅन-टायरोसिन नसल्यामुळे आकडा थोडा कमी येईल, पण शून्य येणार नाही. पुढच्या वेळी जीन मागवताना शेवटी एक डब्ल्यू जोडून दे. मीही हे एक आख्खा महिना वाया घालवून शिकले, म्हणून इतकं पोटतिडकीनं लिहितेय.

गाळ_आणि_अर्क

सिक्वेन्स बघच, पण त्या पाच गाळात गेलेल्यांचंही सांगतो. पीएलडीडीटी ९० म्हणजे अल्फाफोल्डला त्या घडीची खात्री आहे, इतकंच. ते पेशीत विरघळेल की नाही हे तो आकडा सांगत नाही. ३७ ऐवजी १८ अंशांवर रात्रभर वाढवून, आयपीटीजी कमी करून एकदा बघ. पाचातलं एखादं हाती लागू शकतं.

आणि सात नंबर मिळालं तरी ‘रचना यशस्वी’ असं पोस्टरवर लिहू नकोस. विरघळणं ही पहिली पायरी. टॉप७ हे नव्यानं रचलेलं प्रोटीन आठवतं ना, २००३ चं, ९३ अमिनो आम्लांचं? त्याची स्फटिकरचना काढली आणि ती मूळ आराखड्याशी १.२ अँगस्ट्रॉमपर्यंत जुळली, तेव्हा लोकांनी मानलं. तुझ्याकडे तेवढा वेळ नाही, पण सीडी (हेलिक्स घडलेत का ते प्रकाशानं बघणं) आणि साईझ एक्सक्लुजन (आकारानुसार वेगळं करणारा कॉलम) तीन आठवड्यांत नक्की होईल. गाळात गेलेले पाच आणि न बनलेलं एक, तेही तक्त्यात टाक. आठात दोन हा खरा आकडा आहे आणि पुढच्याला तोच उपयोगी पडेल.

चौथा_हेलिक्स

मंजूषाताई, मोजले. डब्ल्यू शून्य, वाय शून्य. एकशे बारा अक्षरं दोनदा बोट ठेवून वाचली! ग्लुटामेट मात्र तेवीस.

रात्रभर डायलिसिस फॉस्फेट बफरमध्ये केलं, मीठ न घालता, म्हणजे तेच सँपल सीडीलाही चालेल. बीसीएनं १.४ मिलिग्रॅम प्रति मिली दाखवलं. आठवडाभर फ्रीजमध्ये एवढं प्रोटीन पडून होतं आणि मी त्याला रिकामी नळी समजत होते.

आज दुपारी सीडी झालं. २०८ आणि २२२ ला दोन खोल दऱ्या, हेलिक्सच्या. मग २५ पासून तापवत नेलं. सत्तरला वाटलं आता उलगडेल. नाही. ९५ ला सुद्धा २२२ चा संकेत थोडासाच उथळ झाला, आणि थंड केल्यावर आधीच्या रेषेवर येऊन बसला. मी खुर्चीवरून उठलेच नाही, पूर्ण दीड तास.

दादा, १८ अंशांचं कल्चर आत्ता शेकरवर लावलंय, दोन आणि पाच नंबरचं. साईझ एक्सक्लुजनसाठी परवाची वेळ मिळाली आहे. एक विचारायचं राहिलं: कॉलमचा डिटेक्टरही २८० लाच बघतो ना? मग शिखर दिसणारच नाही. २१४ किंवा २२० वर लावता येतो का?

मंजूषा_प्रथिने

येतो, बहुतेक यंत्रांवर तरंगलांबी बदलता येते. २२० ठेव, आणि धावण्याच्या बफरमध्ये इमिडाझोल नको. तरीही कॉलममधून उतरलेलं एक-एक फ्रॅक्शन जेलवर चालवून बघ.