अरीथाने चर्च कधी सोडलंच नाही

अमेरिकन सोल गायिका अरीथा फ्रँकलिन चर्चमधल्या भक्तिगीतांतून बाहेर पडली म्हणूनच मोठी झाली, हे मत मला पटत नाही. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्ड्स निघत आणि भरपूर खपत. अरीथाचं सगळं शिक्षण तिथलंच. हळू आवाजात सुरुवात करायची, एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवायची, समोरच्यांकडून हुंकार आला की वर चढायचं. तिच्या गाजलेल्या 'रिस्पेक्ट' या गाण्यात ती आणि मागच्या गायिका एकमेकींना जी उत्तरं देतात, तीही याच वळणाची.

जानेवारी १९७२ मधलं तिचं लॉस एंजेलिसच्या चर्चमधलं दोन रात्रींचं ध्वनिमुद्रण ऐकाच, आणि जमलं तर चित्रफीत पाहा. 'अमेझिंग ग्रेस' हे भक्तिगीत चालू असताना पियानोवरचे जेम्स क्लीव्हलँड, स्वतः गॉस्पेलमधले, म्हणजे चर्चच्या भक्तिसंगीतातले, एवढे दिग्गज, वाजवायचे थांबतात आणि तोंड झाकून रडू लागतात. दुसऱ्या रात्री ती पियानोवर गात असताना वडील उठून तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. ती मात्र गातच राहते. ही चित्रफीत तांत्रिक घोळामुळे कित्येक वर्षं पडून होती, याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा ती लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर होती. मागे चर्चकडे वळून पाहायची गरज नसताना तिने या ध्वनिमुद्रणाचा 'अमेझिंग ग्रेस' हा अल्बम केला, आणि तोच तिचा सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. वडिलांनीही त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी उभं राहून लोकांना हेच सांगितलं, की माझ्या लेकीने चर्च कधी सोडलंच नाही.