आइस हॉकी: बारा संघ फिरलेला खेळाडू, आणि टू-वे कराराबद्दल शंका

निळी_रेषा: माइक सिलिंजर एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च आइस हॉकी लीग) १२ संघांकडून खेळला. एवढी फिरती झाली म्हणजे तो कुणालाच नको होता असं समजायचं का? दुसरी शंका: टू-वे करार (एनएचएल आणि खालच्या लीगसाठी वेगवेगळा पगार लिहिलेला) असला की संघ खेळाडूला वेव्हर्सवर न टाकता, म्हणजे इतर संघांना त्याला उचलायची संधी न देता, थेट एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग) पाठवू शकतो, हे बरोबर आहे का?

चौथी_लाइन: आधी दुसरी शंका, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. टू-वे करार फक्त पगार ठरवतो. समजा वर ७,७५,००० आणि खाली १,००,००० डॉलर असं लिहिलंय. हंगाम साधारण १९० दिवसांचा धरला, तर एनएचएल रोस्टरवरच्या (संघाच्या खेळाडूंच्या यादीतल्या) दिवसाचे सुमारे ४,००० डॉलर पडतात आणि खालच्या दिवसाचे ५०० च्या आसपास. हिशेब रोजचा, म्हणून दोन दिवसांसाठी वर बोलावणं आलं तरी खिशाला फरक कळतो.

वेव्हर्सचा नियम याच्याशी बांधलेला नाही. तिथे पहिला करार कोणत्या वयात झाला आणि सामने किती झाले हे बघतात. विसाव्या वर्षी करार केलेल्या स्केटरला (गोलकीपर सोडून इतर खेळाडू) ३ हंगाम किंवा १६० सामने, जे आधी पूर्ण होईल तोवर वेव्हर्समधून सूट. सूट संपली की खाली पाठवण्याआधी २४ तास इतर संघांना तो उचलता येतो आणि गुणतक्त्यात तळाला असलेल्याला पहिला हक्क. कुणीच उचलला नाही तर खाली. पुन्हा वर आल्यावर एकूण ३० दिवस रोस्टरवर किंवा १० सामने झाले, की परत वेव्हर्स.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. किमान पगार ७,७५,००० असलेल्या हंगामांत ११,५०,००० डॉलरपर्यंतच्या खेळाडूला खाली पाठवलं की त्याचा कॅपवरचा (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) भार पूर्ण उतरतो. त्यावरची रक्कम मात्र कॅपमध्ये राहते. म्हणून स्वस्त करारवालाच आधी बॅग भरतो, खेळ बरा असला तरी.

फेसऑफ_सर्कल: सिलिंजर नकोसा होता हे मला अजिबात पटत नाही. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) डेट्रॉइटने त्याला ११ वा घेतला. पुढे तो १,०४९ सामने खेळला आणि ९ वेळा ट्रेड झाला. ट्रेड म्हणजे संघांमधली अदलाबदल, म्हणजे समोरच्याने त्याच्यासाठी काहीतरी मोजलं! २००३ मध्ये तर कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि त्याच दिवशी डॅलसने फिनिक्सला, म्हणून डॅलस त्या बारांत येत नाही. २००५-०६ मध्ये सेंट लुइस आणि नॅशव्हिल मिळून ३२ गोल, वय ३४.

मागणी का? तो फेसऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक, म्हणजे खेळाची चकती, टाकून खेळ सुरू करणं) जिंकणारा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक होता आणि पेनल्टी किलमध्येही (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना बचाव) उभा करता यायचा. आपल्याच झोनमध्ये एक माणूस कमी असताना फेसऑफ हरला, तर पक थेट समोरच्या डिफेन्समनकडे जातो आणि त्यांचा पॉवर प्ले (एक खेळाडू जास्त असतानाचा हल्ला) लगेच मांडला जातो. तो जिंकला तर पक बाहेर मारून वीसेक सेकंद सहज जातात. हे काम कोणत्याही कोचच्या पद्धतीत चालतं. फक्त गोल करणाऱ्या विंगरला (कडेच्या आक्रमकाला) मात्र सोबतची जोडी जमेपर्यंत महिना लागतो, आणि तेवढा वेळ फिरत्या खेळाडूला कुणी देत नाही.

धारवाला: सामानाकडेही बघा. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, पँट नव्या संघाच्या रंगात मिळतात. स्केट्स आणि पॅड्स स्वतःचे. स्टिकचा कर्व्ह (पात्याचा बाक), लाय (दांडा आणि पात्यातला कोन), फ्लेक्स (लवचीकपणा) ठरलेला असतो आणि नवी ऑर्डर यायला वेळ लागतो, म्हणून अर्धा डझन तरी सोबत न्याव्यात. सगळ्यात जास्त घोळ धारेत होतो. १/२ इंच हॉलोची (स्केटच्या पात्याच्या तळाला घासलेली खोबण; आकडा लहान तितकी ती खोल) सवय असलेल्याला कुणी ५/८ करून दिलं, तर पातं बर्फात कमी रुततं आणि वळताना पाय सुटतो. पोचल्या पोचल्या इक्विपमेंट मॅनेजरला हॉलो सांगायचा, आणि आपल्या धारेची जादा पाती बॅगेत ठेवायची.

निळी_रेषा: आभार. वर जागाच मिळेना, तर युरोप?

चौथी_लाइन: हो, पण तारीख बघून. एनएचएल हंगाम सुरू झाल्यावर तिकडच्या लीगमध्ये खेळला, तर त्याच हंगामात परतताना आधी वेव्हर्समधून जावं लागतं. म्हणजे ज्या संघाने करार केला त्याच्याकडेच तो पोचेल याची खात्री नाही. शिवाय तिथे परदेशी खेळाडूंवर मर्यादा असते. स्विस नॅशनल लीगमध्ये २०२२-२३ पासून सामन्याला ६. म्हणून चांगल्या जागा उन्हाळ्यातच भरतात.