चारी बाजूंनी काच आणि सपाट छत?

गगनबावड्याजवळच्या खासगी रानात ध्यानासाठी आठ बाय दहा फुटांची लाकडी खोली, चारी बाजूंनी काच आणि वर सपाट छत, असा तुमचा आराखडा आहे. जागा नामी निवडलीत. पण छत सपाट नकोच. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पश्चिमेच्या वाऱ्यानं आडवा. उतार चांगला तीस-पस्तीस अंशांचा ठेवा, पाखं भिंतीबाहेर तीन फूट येऊ द्या. आणि पत्रा टाळा, मनापासून सांगतो. आषाढात पत्र्याखाली स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. लाकडी फळ्यांवर मंगलोरी कौलं घाला.

काच एकाच बाजूला, पूर्वेला पुरे. मांडी घालून बसलं की डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर येतात, तेव्हा खिडकीचा उंबरा फूटभर उंचीवर घ्या, नेहमीसारखा तीन फुटांवर नको. पश्चिमेची भिंत बंदच ठेवा.

खरा शत्रू ओल आणि वाळवी. खोली जांभ्याच्या खांबांवर दोन फूट उचला, खालून वारा खेळू द्या. खांब आणि तुळई यांच्यामध्ये कडा खाली वाकवलेला पत्रा बसवला की वर चढणाऱ्या वाळवीची मातीची नळी लगेच दिसते. लाकूड सागाच्या नाराचं, म्हणजे आतल्या गाभ्याचं, नीट वाळलेलं घ्या. पावसाळ्यात फळ्या फुगतात, म्हणून सांध्यात थोडी फट सोडा.

जागा राधानगरी अभयारण्याच्या जवळ असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. गव्यांची वाट कुठून जाते तेही तिथंच कळेल.