मदत हवी आहे: विडी कामगार कुटुंबाचं उत्सर्जन मोजताना चुलीचं लाकूड कसं धरायचं?

सोलापुरात कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी पूर्व भागातल्या एका विडी कामगार कुटुंबाचा हिशोब मांडतोय. प्रश्न असा की गरिबी हटली की कार्बन उत्सर्जन किती वाढतं? 2023 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगातली टोकाची गरिबी संपवली तर 2019च्या तुलनेत सुमारे 4.9 टक्केच वाढ होते. हे एका घरात कसं दिसतं ते मला दाखवायचंय.

घरात पाच माणसं. महिन्याला साधारण 80 युनिट वीज आणि 14.2 किलोचा एक सिलिंडर. विजेला युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड आणि सिलिंडरला साधारण 42 किलो धरले, तर महिन्याला 98 किलो होतात. म्हणजे माणशी वर्षाला पाव टनाहूनही कमी! इथवर ठीक.

अडलंय ते पुढे. सिलिंडर येण्याआधी आजी चुलीवर बाभळीचं सरपण जाळायच्या (भिंत अजून काळी आहे). लाकूड 'शून्य' धरलं तर गॅस आल्यावर उत्सर्जन कागदावर वाढतं, आणि धूर गेला हे कुठेच दिसत नाही. उलट सगळं लाकूड मोजलं तर आकडा फुगतो, कारण झाड पुन्हा वाढतं.

कापड, धान्य, बस यांचा हिशोब सध्या नकोय, फक्त घरातलं इंधन आणि वीज. महागडं सॉफ्टवेअर नाही, एक्सेलच आहे. सरपणातला पुन्हा न उगवणारा वाटा सोलापूरसारख्या दुष्काळी जिल्ह्यासाठी किती धरावा, आणि चुलीतला मिथेन व काजळी त्याच तक्त्यात घ्यावी की वेगळी दाखवावी?