मागच्या सीटखालून पंपाची शिट्टी

बाबांची 2005 ची पेट्रोल गाडी, वडोदऱ्यात दांडिया बाजारातच असते. टाकी पावावर आली की मागून बारीक शिट्टी वाजते. काल अलकापुरी गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या रस्त्यातून) वर चढताना गाडी अडखळली, आई सोबत होती. इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंपच बदलू का?

— थांबा दादा. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद गुणगुण होतेच. पण पंप टाकीत बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पाव टाकीवर पळवू नका, कळकळीनं सांगतो.

— आधी पेट्रोलचा फिल्टर बघा. तुंबला की पंपावर जोर येतो. मग पेट्रोलचं प्रेशर मोजायला गेज लावा. बऱ्याच एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत प्रेशर 3 बारच्या आसपास असतं.

— फिल्टर काळाकुट्ट निघाला! बदलला, आवाज निम्मा झाला. रेस दिल्यावर प्रेशर मात्र अजून पडतंय. शनिवारी पंप उतरवतो.